गडाच्या वाटेवर नेमणूक कुणाची?

पुणे जिल्ह्यातल्या पावसाळी पर्यटनाचे आता एक वेळापत्रकच ठरून गेले आहे. मृगाचा पाऊस स्थिरावला की लोणावळा, ताम्हिणी, सिंहगड या दिशांना शनिवार-रविवारी वाहनांच्या रांगा लागतात; जून-जुलैत कुठेतरी अपघात होतो; लगोलग मनाई आदेश निघतो, नाक्यांवर पोलीस उभे राहतात, काही टपऱ्या उठवल्या जातात आणि श्रावण सरेपर्यंत सगळे पुन्हा होते तसे होते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा हेच झाले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळून चौघांचा मृत्यू झाला, तेव्हाही हेच झाले. कुंडमळ्याला धोक्याची पाटी होती. पाटी लावणाऱ्यांनी आपले काम केले होते आणि पाटी ओलांडून जाणाऱ्यांनी आपल्या सवयीप्रमाणे वागायचे ते वागून घेतले. या दोघांच्या मध्ये उभे राहून बोलणारे तिथे कुणी नव्हते.

बंदी हा प्रशासनाला सर्वांत स्वस्तात पडणारा उपाय आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही, कारण ओढ्याला लोंढा आलेला असताना धबधब्याखाली उभे राहण्याचा हक्क कुणालाच असू शकत नाही. अडचण अशी, की बंदीला उघडे आणि बंद या दोनच अवस्था ठाऊक असतात. मंगळवारी पहाटे काठी टेकत सिंहगड चढणारे साठी उलटलेले गृहस्थ आणि रविवारी भर धुक्यात रील काढण्यासाठी कड्याच्या टोकाशी सरकणारा तरुण यांना ती एकाच मापाने मोजते. या दोन अवस्थांच्या मधले, वाटेवर उभे राहून येणाऱ्यांशी बोलण्याचे आणि गर्दी सांभाळण्याचे जे रोजचे, कंटाळवाणे आणि कौशल्याचे काम आहे, ते करणारा माणूस आपल्याकडे कोणत्याही खात्याच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांत, नाही. गर्दीच्या गडवाटांवर अशा माणसांची पगारी, प्रशिक्षित आणि बारमाही नेमणूक व्हायला हवी, आणि ती झाल्याशिवाय शुल्क, फलक, रेलिंग, इ-बस यांपैकी कशाचाच नीट उपयोग होणार नाही, असे माझे मत आहे.

अमेरिकेतल्या गर्दीच्या उद्यानवाटांवर हे काम करणारी माणसे असतात. व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात ओल्ड रॅग नावाचा एक डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळ मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या खडकांमधून हातापायांचा वापर करत, फटींतून अंग काढत जावे लागते, आणि एक जण अडला की मागची सगळी रांग अडते. तिथे २०२२ पासून मार्च ते नोव्हेंबर या काळात दिवसाला ८०० तिकिटांची मर्यादा घातली गेली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून युटामधल्या झायन उद्यानात एंजल्स लँडिंग या साखळ्या धरून चढायच्या अरुंद धारेसाठी सोडतीने परवाने देण्यास सुरुवात झाली. तिकिटाची बातमी होते. ते तिकीट पायथ्याशी तपासणाऱ्या माणसाची होत नाही. तो तिकीट पाहतोच, पण त्याबरोबर पायातले बूट पाहतो, पुढे खडक कसा आहे ते सांगतो, तिकीट नसलेल्याला जवळची दुसरी वाट सुचवतो, तासागणिक किती जण गेले याची नोंद ठेवतो. कायद्याचा बडगा दाखवण्याचे काम त्याचे नव्हे. त्यासाठी वेगळे रेंजर असतात.

याहूनही बोलके उदाहरण ग्रँड कॅन्यनचे आहे. १९९६ च्या उन्हाळ्यात तिथे उष्म्याने अनेक बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, उद्यानाने शोध आणि सुटका पथकाच्या जोडीला प्रतिबंधाचे वेगळे पथक उभे केले. या पथकातली माणसे दरीत उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी आणि वाटेवर उभी राहतात आणि ‘पुढे जाऊ नका’ असे म्हणण्याऐवजी ‘आज कुठवर जायचे ठरवले आहे, पाणी किती आहे, खायला काय घेतले आहे’ असे विचारतात. त्या दरीत उतरण सोपी आणि आधी असते, चढण अवघड आणि नंतर, तीही ऐन दुपारच्या उन्हात. त्यामुळे आपण संकटात आहोत हे माणसाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. या वाटेचा स्वभाव ओळखूनच तिथले प्रश्न ठरले आहेत. सूचना सरसकट असते, प्रश्न मात्र समोरच्या माणसापुरता असतो, आणि उत्तर देता देता तो माणूस स्वतःच आपला बेत तपासून पाहतो.

सिंहगडाच्या वाटेचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून इथले प्रश्नही वेगळे असावे लागतील. पायथ्याच्या आतकरवाडीहून गडाच्या पुणे दरवाजापर्यंतची पायवाट जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची, पण चढ सुमारे ६०० मीटरचा. चढताना दम लागतो, माणूस बसतो, सरबत घेतो, पुन्हा चालू लागतो. चढणाऱ्याला थकवा आपणहून थांबवतो. धोका उतरताना असतो. मुरमाड घसाऱ्यावर पाय ठरत नाही, पावसात शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळव्याची चप्पल सुटते, आणि पिठलं-भाकरी, भजी, दही असे यथेच्छ जेवण झालेले असल्याने पायांत आळस असतो. वर डांबरी रस्ता येतो आणि खाली जाणारी जीप मिळते, हे नवख्याला माहीत असतेच असे नाही. ‘उतरायला जीप आहे, लाज वाटू देऊ नका’ एवढे एक वाक्य पुणे दरवाजापाशी कुणी योग्य माणसाला योग्य वेळी सांगितले, तर कितीतरी मुरगळलेले पाय वाचतील. हे वाक्य पाटीवर लिहून चालत नाही, कारण पाटीला समोरच्याचे गुडघे दिसत नाहीत.

रविवारी सकाळी आठ-साडेआठला आतकरवाडीच्या तोंडाशी जरा वेळ उभे राहून पाहावे. पहाटेची मंडळी तोवर उतरू लागलेली असतात; त्यांना कुणाच्याही व्यवस्थापनाची गरज नसते. त्यांच्या अंगावरून वर जाणारा लोंढा मात्र सरमिसळ असतो. ऑफिसातला दहा-बारा जणांचा घोळका, त्यात दोघांकडेच पाण्याच्या बाटल्या. खांद्यावर तीन वर्षांचे मूल घेतलेला बाप, त्याच्या मागे नव्या सँडलमध्ये जपून पाय टाकणारी आई. स्पीकर लावून चाललेली कॉलेजची पोरे. आणि या सगळ्यांना चुकवून झाडीतून उभ्या चढाने जाणारे, ज्यांना वळणाच्या वाटेवरून जाणे कमीपणाचे वाटते. हे शेवटचे लोक दिसायला सर्वांत कमी त्रासदायक आणि वाटेच्या दृष्टीने सर्वांत महाग. पायवाट वळणे घेत जाते ती पाण्याला वेग मिळू नये म्हणूनही. तिला छेद देणारी उभी चोरवाट पडली की पुढच्या पावसात पाणी तीच वाट धरते, माती जाते, दगड उघडे पडतात, घळ तयार होते, आणि मग घळ टाळण्यासाठी लोक शेजारून तिसरी वाट पाडतात. गावाकडे अशी नको असलेली वाट बोरी-बाभळीच्या काट्या टाकून बंद करतात. तेच काम पहिल्या पावसात, चोरवाट दोन हात रुंद असताना झाले तर तासाभराचे असते; तीन वर्षांनी त्याच जागी गॅबियन (जाळीत दगड भरून रचलेल्या) भिंतीची निविदा काढावी लागते. वाट रोज पायाखाली घालणारा पगारी माणूस असेल तरच ती चोरवाट पहिल्या पावसात दिसते.

आज सिंहगडावर वन विभागाच्या देखरेखीखाली वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतले जाते आणि नाक्यावर गावातलीच मंडळी पावत्या फाडतात. त्यांना दोष देण्याचा प्रश्न नाही. त्यांना दिलेले काम पावती फाडण्याचे आहे आणि ते काम ते करतात. परंतु वर वाहनतळ भरला आहे की नाही, घाटात गाड्या किती अडकल्या आहेत, पायवाटेने किती लोक गेले, धुके उतरले का, यांपैकी कशाशीही त्या पावतीचा संबंध नसतो. वाहनतळ भरल्यावरही गाडी घाटात सोडली जाते आणि मग एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी अशा अवस्थेत दोन तास हॉर्न वाजत राहतात. मे २०२२ मध्ये खासगी वाहनांऐवजी पीएमपी या पुण्याच्या बससेवेच्या इ-बस सोडण्याचा प्रयोग झाला आणि तो महिनाभरही टिकला नाही. त्याच्या अपयशाला कारणे अनेक होती, पण बस म्हणजे व्यवस्था नव्हे हे त्यातून शिकण्यासारखे होते: वर किती माणसे आहेत आणि त्यांतली किती एकाच वेळी खाली येऊ पाहणार आहेत हे ज्याला कळते, असा माणूस साखळीत नसेल तर बसच्या दारापाशी तीच गर्दी उभी राहते जी पूर्वी गाड्यांच्या रूपाने घाटात होती.

गर्दी म्हटले की आपण दिवसाचा आकडा विचारतो. गडांच्या बाबतीत तो आकडा बराचसा निरुपयोगी आहे, आणि याचा पुरावा लोहगडाने दिला आहे. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर पर्यटक तासन्‌तास अडकून पडले. त्याची चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारे ओलांडून, वळणे घेत, एका बाजूला तटबंदी अशा जिन्याने त्या गडावर जावे लागते. शत्रूला एकदम आत घुसता येऊ नये, प्रत्येक दारापाशी त्याची गती मोडावी, यासाठीच ती रचना केलेली आहे आणि आजही ती आपले काम चोख बजावते. फरक एवढाच की आता वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन्ही लोंढे एकाच दारात समोरासमोर येतात आणि कुणीच मागे हटत नाही. अशा ठिकाणी दिवसभरात पाच हजार माणसे सुखाने जाऊन येतील, आणि दुसऱ्या दिवशी दोन हजारच आली पण सगळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान आली तर चेंगराचेंगरी होईल. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे दाटली की माणसाचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही, गर्दीच त्याला हलवते. इथपर्यंत वेळ आली की मग कुणी ओरडून काही होत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या पायऱ्यांवर जवळजवळ ३०० भाविक मरण पावले, तेव्हा नारळाच्या पाण्याने निसरडा झालेला उतार आणि मागून रेटणारी गर्दी यांचा संयोग किती भीषण असतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पावसाळ्यातला लोहगडाचा जिना याहून फार वेगळा नाही.

यावर उपाय अवघड नाही, पण त्याला माणसे लागतात. गणेश दरवाजाच्या खाली एक जण, महादरवाजाच्या वर एक जण, दोघांकडे वॉकीटॉकी, आणि गर्दीच्या वेळात आळीपाळीने वीस मिनिटे चढणाऱ्यांना, वीस मिनिटे उतरणाऱ्यांना सोडणे. एकेरी पुलावर वाहतूक अशीच चालते. खाली थांबलेल्यांना किती वेळ थांबायचे आहे हे स्पष्ट सांगितले तर बहुतेक लोक कुरकुरत का होईना थांबतात. किती वेळ ते माहीत नसले की रेटारेटी सुरू होते. ही गोष्ट समजणे, ती पावसात उभे राहून दिवसभर शांत आवाजात पुन्हा पुन्हा सांगणे आणि दाटी नेमकी कुठल्या पायरीपाशी सुरू होते हे डोळ्यांनी ओळखणे, यालाच मी कौशल्य म्हणतो. ते सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवल्याने आपोआप येत नाही.

हे काम पोलिसांचे आहे, असे म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर उघडून पाहावे. गडांवर गर्दी उसळते त्याच जून-जुलैत आळंदी-देहूहून पालख्या निघतात आणि ग्रामीण पोलिसांचा मोठा फौजफाटा तिकडे गुंततो. पण त्याच वारीत आपल्याला हवी असलेली गोष्ट शतकानुशतके पाहायला मिळते. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की एवढा मोठा समुदाय शांत होतो. चोपदाराच्या हाती दंडविधान नसते. त्याचे स्थान सगळ्यांना मान्य असते, तो रोज तिथे असतो, आणि तो जे सांगतो ते वारीच्या चालीशी सुसंगत असते. गडवाटेवरच्या माणसाला असा मान एका हंगामात मिळणार नाही हे खरे. विशेषतः पुणेकराला, ‘तुम्ही कोण सांगणारे?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणाचेही ऐकणे जड जाते. तरी त्या प्रश्नाला नेमणुकीचे पत्र, नीट गणवेश आणि वाटेची पक्की माहिती एवढे उत्तर निदान देता आले पाहिजे.

स्वयंसेवकांवर भागवावे, हा दुसरा सोपा विचार. सह्याद्रीतल्या गिर्यारोहण संस्थांचे ऋण मोठे आहे. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था असो वा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हाकेला धावणारी ठिकठिकाणची पथके असोत, दरीत पडलेल्याला रात्री-बेरात्री वर काढणारी हीच माणसे आहेत आणि तीही बहुधा आपली नोकरी सांभाळून. पण अपघात झाल्यावर धावून जाणे आणि अपघात होऊ नये म्हणून दर रविवारी सकाळी सहा ते दुपारी दोन एकाच जागी उभे राहणे, या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. दुसऱ्या कामात थरार नाही, कौतुक नाही, आणि जे घडलेच नाही त्याची बातमी होत नाही. असे काम माणूस पगारासाठीच सातत्याने करतो, आणि त्यात काही गैर नाही. हा पगार घेरा सिंहगड, लोहगडवाडी अशा पायथ्याच्या गावांतल्या तरुण-तरुणींना मिळावा हे ओघानेच आले, कारण धुके कुठून चढते आणि आग्या मोहोळ कुठल्या कड्याला लागले आहे हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांना शिकवावे लागेल ते प्रथमोपचार, नोंदी आणि अरेरावी करणाऱ्याशी कसे बोलावे हे. यात एक खरी अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही: ज्यांच्या घरचे हॉटेल किंवा जीप गर्दीवर चालते, त्यांनाच गर्दी आवरायला सांगणे हितसंबंधांच्या आड येते. म्हणूनच नेमणूक कुणा ठेकेदारामार्फत किंवा एखाद्या घराच्या मर्जीवर असू नये, पगार वाहनसंख्येशी जोडलेला नसावा आणि तासागणिक नोंदी जाहीर असाव्यात. पायथ्याला नीट स्वच्छतागृह नसताना स्त्री कर्मचारी आठ तास उभी राहील अशी अपेक्षा करणेही सोडून द्यावे लागेल.

साताऱ्याच्या कास पठाराचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, भोवतालच्या गावांच्या समित्या ही घडी खरोखरच कौतुकास्पद आहे. तरीही सिंहगडाच्या पायवाटेला असे तिकीट लावण्यास माझा विरोध राहील. कासचा हंगाम काही आठवड्यांचा असतो आणि लोक जी वस्तू पाहायला येतात ती पायाखाली चिरडली जाणारी आहे. सिंहगड बारमाही आहे, वर वस्ती आहे, आणि ज्यांच्यासाठी तो रोजच्या व्यायामाची जागा, श्रद्धेची जागा आणि फुकटची एकमेव सहल आहे अशा माणसांना मोबाइलवरचे आरक्षण बाहेर ठेवील. ‘गड महाराजांचा, तिकीट कसले?’ ही भावना भाबडी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. वाहनांवर मात्र कडक मर्यादा घालायला माझी हरकत नाही. गडावर चालत जाण्याचा हक्क आणि गडावर गाडी नेण्याचा हक्क एक नव्हे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन एकट्या पुणे जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी आता आराखडे होतील, निधी येईल, आणि तो निधी बहुतांश दगड, दिवे आणि पार्किंग यांवर खर्च होईल अशी मला धास्ती वाटते, कारण बांधकामाचे उद्घाटन करता येते आणि नेमणुकीचे करता येत नाही. सुरुवात सिंहगडापासून, म्हणजे यादीत नसलेल्या पण शहराच्या सर्वांत जवळच्या गडापासून करावी. एक पावसाळाभर आतकरवाडी, पुणे दरवाजा, वाहनतळ आणि दोन्ही बाजूंचे नाके एवढ्या ठिकाणी माणसे नेमावीत, त्यांच्याकडून तासागणिक मोजणी करून घ्यावी आणि खर्च जमा होणाऱ्या उपद्रव शुल्कातून भागवावा. आज गडाची जमीन वन विभागाची, वास्तू पुरातत्त्व विभागाची, बंदोबस्त पोलिसांचा आणि वस्ती ग्रामपंचायतीची अशी वाटणी असल्याने वाटेवर प्रत्यक्षात कुणाचाच शब्द चालत नाही. म्हणून त्या नेमणुकीच्या पत्रात एक अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा: वाहनतळ भरल्याचा निरोप वरून आला की गोळेवाडीच्या नाक्यावरच्या माणसाने, पुण्यातल्या कुठल्याही साहेबाला फोन न लावता, बांबू आडवा टाकावा आणि वरून उतरणाऱ्या गाड्यांच्या हिशेबानेच तो उचलावा.